सासूबाईंचे डाग

निवृत्त झालो आणि पुस्तकबांधणी शिकायला लागलो. (बायको, व्हर्ना, म्हणाली, घराबाहेर राहा म्हणजे झालं.) हॅलिफॅक्सच्या प्रयोगशाळेत चौतीस वर्षं मी पाण्यातला मळ मोजला, आता चर्चच्या तळघरात बसून खळ लावायची, पुठ्ठे कापायचे, पेट्या करायच्या. हात जरा बसला, तशी माझी नजर सासूबाईंच्या पाककृतींच्या वहीवर गेली.

वही पार खिळखिळी झालेली. व्हर्ना बहिणीकडे गेली, तेवढ्यात मी शिवण उसवली, एकेक पान धुतलं आणि झाडून सगळे डाग काढले. लिखाण पेन्सिलीचं, त्यामुळे अक्षर हललं नाही. मग नवी बांधणी, वर निळ्या कापडाची पेटी. शाबासकीसाठी मी (केस विंचरून) बसून राहिलो.

व्हर्नानं पानं उलटली, परत उलटली.

"डाग कुठे गेले, लॉर्न?"

"काढले. एक ठेवला नाही."

"अरे, ह्यात आल्याच्या केकच्या सहा कृती आहेत. आई आयुष्यभर करून बघत होती. जमला तो एकच, आणि त्याच पानावर काकवी सांडलेली होती."

घरातली खरी शास्त्रज्ञ सासूबाई होत्या आणि मी त्यांचा निष्कर्ष धुऊन टाकला होता. त्यात थँक्सगिव्हिंगच्या सणाला व्हर्नाचा भाऊ मरे येणार होता, ऐंशीचा, खास आईचा केक खायला. आता करून बघण्यावाचून गत्यंतर नव्हतं. पहिला केक विटेसारखा झाला, दुसरा कडू, तिसरा कुत्र्यानं हुंगून सोडला.

सणाच्या दिवशी चौथा मरेनं तोंडात घातला आणि डोळे मिटून घेतले. "हाच," एवढंच म्हणाला. मलाही सासूबाईंचं जुनं स्वयंपाकघर आठवलं. व्हर्नाला मागणी घालायला गेलो होतो, तेव्हा त्यांनी आधी ह्याच केकचे दोन तुकडे खायला लावले होते, मग बोलू दिलं होतं.

व्हर्नानं ते पान उघडून काकवीची बाटली माझ्या हातात दिली. "सांड," म्हणाली.

मी नेम धरून एकच थेंब सोडायला गेलो. बाटली जरा जास्तच कलली, आणि काकवी ह्या पानावरून समोरच्या पानावर पसरली. ते पान विटेचं होतं.

व्हर्नानं पेन्सिल घेऊन समोरच्या पानावर, तिच्या आईसारख्याच अक्षरात, लिहिलं: 'हा डाग लॉर्नचा. करू नये.'