अर्जीतलं दुखणं

मधुसूदन कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवीत असे. पण वर्गात बोलण्यापेक्षा झाडांजवळ गप्प बसणे त्याला अधिक जमे. दौलताबादच्या उतारावरचे सीताफळ झाडावरून उतरताच मऊ पडू लागते, लांबच्या बाजारी पोचेपर्यंत त्याचा लगदा होतो, याचे त्याला मनापासून दुःख होते. ते फळ थोडे अधिक टिकावे, एवढेच त्याचे स्वप्न. त्याकरिता मुंबईच्या एका मंडळाकडे संशोधनाचे अनुदान मागायचे होते. अर्ज लिहून त्याने तो काका नानासाहेबांपुढे ठेवला.

“‘या संशोधनातून काही निष्पन्न होईलच असे नाही’?” नानासाहेबांनी चष्म्यावरून पाहिले. “मधू, समोरच्या वकिलाला काही काम ठेव की!”

“पण काका, खरं आहे ते.”

“असंल. पण वाचणाऱ्याच्या डोळ्याला पाणी आलं पाहिजे. आण इकडं.”

निजामाच्या अमदानीत नानासाहेबांनी कचेरीबाहेर बसून लोकांच्या दरख्वास्ती, म्हणजे अर्ज, लिहिल्या होत्या. पोलीस अ‍ॅक्शननंतर त्यांनी उर्दू सोडून मराठी धरली. रडण्याचा मजकूर मात्र तोच ठेवला. त्यांनी अर्ज नव्याने लिहून दिला. वडीलधाऱ्यांचे लिखाण तपासणे मधुसूदनला उद्धटपणाचे वाटले. त्याने न वाचताच मान खाली घालून सही केली.

महिन्याभराने मंडळाचे उत्तर आले. मधुसूदनने ते मोठ्याने वाचले: ‘अर्जदाराची पत्नी अर्धांगवायूने अंथरुणास खिळून असल्याने त्यांना मुंबईस न बोलावता निरीक्षक घरी येऊन भेट घेतील.’

त्याची बायको पद्मजा नळावरून भरलेली घागर घेऊन आत येत होती. ती तिथेच थबकली.

“मला अर्धांगवायू? कोणी दिला?”

“मी,” नानासाहेब शांतपणे म्हणाले. “आधी क्षयच लिहिणार होतो, सूनबाई. पण क्षय म्हटलं की साहेब लोक घरी चहा घेत नाहीत.”

“मामंजी, दुसरं कोणी सापडलं नाही तुम्हाला?”

“माझं दुखणं लिहिलं असतं, तर म्हणाले असते, वय झालंय म्हाताऱ्याचं. त्यात काय रडायचं?”

ठरल्या दिवशी पद्मजाने घाईघाईने पोहे केले, हात पुसले आणि गोधडी ओढून ती खाटेवर आडवी झाली. निरीक्षक आले. त्यांनी पोह्यांचा घास घेतला.

“वा! कोणी केले?”

“मी,” मधुसूदन म्हणाला. घरात दुसरे नाव घेण्यासारखे कोणी नव्हते.

निरीक्षकांनी बशी खाली ठेवली. “कॉलेज तुम्हीच, चूल तुम्हीच, सेवा तुम्हीच. त्यात आणखी संशोधन? नाही, प्रोफेसर. एवढं ओझं तुमच्यावर टाकणं मला पटत नाही. अनुदान दुसऱ्या कुणाला तरी देऊ.”

मधुसूदनच्या डोळ्यांपुढे तो उतार आला, ती फळांनी वाकलेली झाडे आली. आणि जणू त्यांचा निरोप घेत तो खाली पाहत राहिला.

त्याचा तो चेहरा पद्मजाला पाहवेना. गोधडी उडाली.

“ओझं कसलं? माणूस झोपेतसुद्धा सीताफळावर बोलतो! मी ठणठणीत आहे. पोहेही मीच केलेत. यांना साधा चहा येत नाही!”

“हुजूर, आपला पायगुण!” कोपऱ्यात बसलेल्या नानासाहेबांनी तत्परतेने हात जोडले.

निरीक्षक गदगदा हसू लागले.

“या दौऱ्यात जाईन त्या घरी कोणी ना कोणी निजलेलं पाहिलं, बाई. उठलेल्या तुम्ही पहिल्याच. प्रोफेसर, तुमचा स्वतःचा अर्ज असेल ना कुठं?”

मधुसूदनने चाचरत तो पुढे केला. निरीक्षकांनी सावकाश वाचला. ‘निष्पन्न होईलच असे नाही’ या ओळीवर ते थांबले.

“हा माणूस पैसे खाणार नाही,” ते म्हणाले. “शिफारस करतो.”

पद्मजाने डोळ्यांना पदर लावला. हे रडणे मात्र अर्जीतले नव्हते. निरीक्षक उठले, दारापर्यंत गेले आणि तिथे नानासाहेबांना त्यांनी हळूच बाजूला घेतले.

“ती दुसरी अर्जी आपण लिहिलीत ना? आमच्या ऑफिसात वाचताना मोठे साहेब रडले होते हो. माझा पुण्याच्या बदलीचा अर्ज कधीपासून पडून आहे. आपण जरा...”

“जरूर, जरूर,” नानासाहेब जाकिटाचा खिसा चाचपत म्हणाले. “आईसाहेब आहेत ना आपल्या?”