शिंक कुणाकडची?

आमच्या खांदा कॉलनीत बोलता बोलता कोणी शिंकलं, की बाकीचे 'सत्य आहे' म्हणतात आणि शेजारचे नाखवा विचारतात, "आईकडची का बापाकडची?"

उरणच्या होडीवर आयुष्य काढलेला हा माणूस. मुलगी जवळच करंजाड्यात दिली, म्हणून म्हातारपणी इथे येऊन राहिला. मी शाळेत विज्ञान शिकवायचो. एकदा सहज बोलून गेलो की दमा, ॲलर्जी घराण्यातून येऊ शकते. झालं! बारशाला लोक बाळाचं नाक कुणावर गेलंय ते बघतात, नाखवा त्या नाकातलं वारं ऐकायला वाकतात. कोळंबी खाऊन माझ्या अंगावर गांधी उठल्या, तर सहानुभूती राहिली बाजूला, माझ्या मामांची चौकशी झाली. मी परोपरीने सांगितलं की हे एका जीनचं काम नाही, बरेच मिळून नुसता कल देतात. धूळ, धूर, ओल यांचाही हात असतो. नाखवांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि माझं शिक्षण अर्धवट राहिल्याचा निकाल दिला.

स्वतःच्या छातीबद्दल विचारलं तर ती ठोकून दाखवायचे. "आमच्यात नाय कोनाला."

गेल्या महिन्यात त्यांच्या चार वर्षांच्या नातीला धाप लागली. डॉक्टरांनी पंप दिला. आम्ही दोघं करंजाड्याला पोचलो तेव्हा पोरगी पंपाची नळी तोंडाला लावू देत नव्हती, आणि रडून छाती आणखीच भरत होती. विहीणबाई पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, आमच्या सात पिढ्यांत हे नाही. नाखवांची मुलगी मान खाली घालून ऐकत होती.

नाखवांनी सदऱ्याच्या आतल्या खिशातून तसाच एक पंप काढला. इतक्या वर्षांचा शेजार, पण मला पत्ता नव्हता.

"माझा हाय दमा," ते विहीणबाईंना म्हणाले. "धाप लागते म्हनलं तर होडीवर कोन घेत नाय. म्हनून लपवला. मंग हिच्या लग्नात पन लपवला. पोरीला बोलू नका, मला बोला."

मग नातीसमोर मांडी घालून त्यांनी पंप ओढला आणि दम धरला. ती रडायची थांबली. आजोबांकडे बघत तिने तोंड उघडलं, आईने नळी लावली. नाखवा तिचा एकेक श्वास बोटांवर मोजत होते आणि त्यांचे डोळे वाहत होते. मला त्यांची फार माया वाटली.

पंप घेतल्यावर चूळ भरावी लागते. विहीणबाई उठल्या आणि पाण्याचे दोन पेले घेऊन आल्या.