पेन थांबता कामा नये

अमेरिकेतल्या ओमाहा शहरात प्रौढांच्या इंग्रजी वर्गात दर मंगळवारी दहा मिनिटं मुक्तलेखन सक्तीचं असे. चुकांची भीती जावी, हा उदात्त हेतू. नियम एकच: पेन थांबता कामा नये. काहीच सुचलं नाही, तर 'काय लिहावं सुचत नाही' असं लिहीत राहायचं. हा मोकळेपणा वरिष्ठ कार्यालयाला आकड्यांत हवा होता, म्हणून लिंडक्विस्ट बाई स्टॉपवॉच घेऊन वर्गात फिरत आणि कोण किती वेळा थांबलं ते टिपून ठेवत.

नोएमी वृद्धाश्रमात फरशी पुसायची. तिला तिथेच परिचारिकेची मदतनीस व्हायचं होतं आणि त्यासाठी हा वर्ग पास होणं भाग होतं. सत्राच्या परीक्षेतही मुक्तलेखनच होतं. तिनं मन लावून लिहिलं, की आश्रमातले नोवाक आजोबा जेवत नाहीत, सगळे त्यांना हट्टी म्हणतात, पण खरं तर त्यांची कवळी टोचते आणि... 'हिरड्यां'ना इंग्रजीत काय म्हणतात ते आठवत ती खिडकीबाहेर पाहत राहिली.

"अकरा सेकंद," बाई हळहळल्या. "तुम्ही विचार करत होतात, नोएमी. आत्मविश्वास कमी पडतोय."

ती नापास झाली. शेजारी बसणारा इरिट्रियाचा येमाने पहिला आला. त्यानं 'काय लिहावं सुचत नाही' हेच वाक्य एकेचाळीस वेळा लिहिलं होतं, तेही बिनचूक.

"अरे, अशानं इंग्रजी कसं येणार?" तिनं विचारलं.

"तुला इंग्रजी हवंय की पुढचा वर्ग?" येमाने म्हणाला. "वर्ग हवा असेल तर डोकं घरी ठेवून येत जा."

पुढच्या परीक्षेत नोएमीनं तेच वाक्य बावन्न वेळा लिहिलं. बाईंचे डोळे भरून आले. प्रमाणपत्रावर 'निर्भय लेखिका' असा शेरा पडला.

आता तिच्या अंगावर निळा गणवेश आहे. 'हिरड्यां'चा इंग्रजी शब्दही तिला सापडलाय. पहिल्याच दिवशी ती नोवाक आजोबांच्या रोजच्या नोंदींच्या तक्त्यात तो अक्षरं जुळवून लिहायला लागली, तेव्हा मुख्य परिचारिकेनं घड्याळाकडे बोट दाखवलं.

"एका पेशंटला एक मिनिट, बाई. पेन चालू ठेव."

हात सवयीनं चालला: काय लिहावं सुचत नाही. रकाना भरला, म्हणजे नोंद चोख झाली. आजोबांचं ताट तसंच भरलेलं परत गेलं. नोएमीला स्वतःची लाज वाटली, पण लाजेला तक्त्यात रकाना नव्हता.

हा तक्ता दरमहा आजोबांच्या मुलाकडे जातो आणि तो खाली सही करतो, 'वाचून समाधान झालं.' त्याला नावं ठेवू नका. तुम्ही शेवटची सही केलीत, ती कागद वाचून केली होतीत का, ते जरा आठवून पाहा. पेन मात्र थांबवू नका.