हवेचं भाडं

आमचे भावजी बारशाला आले की बाळाची आई बाळ घट्ट धरून बसते. कारण भावजी बाळ हातात घेतात, दोनदा वरखाली करतात आणि सगळ्या बायकांदेखत सांगतात, "तीन किलो. खोक्यासकट साडेतीन धरा."

भावजी म्हणजे माझ्या नवऱ्याचा धाकटा भाऊ, विनायक. आमचं घर श्रीवर्धनच्या अलीकडे सुपारीच्या वाडीत आहे. मधे एक भिंत. अलीकडे मी, पलीकडे ते. मागची न्हाणी दोघांत एकच. माझा नवरा गेला, त्यांची बायको त्याच्याही आधी गेली. त्यांना मूलबाळ नाही. मला एक मुलगा, तो पनवेलला असतो.

भावजींचा जन्म सुपारीच्या वखारीत काट्यावर गेला. काम सुटलं की माणूस देवाला लागतो, नाहीतर पत्त्यांना. हे लिलावाला लागले. लिलाव फोनवरचा. वस्तूचा फोटो टाकायचा, लोक घरबसल्या बोली लावतात, मुदत संपली की ज्याची बोली वर त्याला वस्तू पार्सलने पाठवायची. गावाने त्यांचं नावच पार्सल ठेवलं आहे. त्यांना राग येत नाही.

ते विकतात झाकणं. भंगारवाल्याकडून पितळेची सुटी झाकणं आणतात. डबा नाही, नुसतं झाकण. मी एकदा विचारलं, "हे घेतो कोण?"

"ज्याच्याकडं डबा हाय आन् झाकण न्हाय, तो."

"असे किती असतील?"

"वैनी, जगात बिनझाकणाची माणसं चिक्कार हायत."

झाकणंच का, तर ती हलकी. कुरियरवाल्याचा पहिला दर अर्ध्या किलोपर्यंत. त्याच्यावर सुपारीभर वजन गेलं की दुसरा दर. तेव्हा अर्ध्या किलोच्या वरचा माल घ्यायचा नाही, हा भावजींचा धर्म. एकदा एका बाईला पितळेची पळी विकली आणि ती थोडी वर गेली. भावजी पळी घेऊन माझ्या ओट्यापाशी आले. "वैनी, दांडा थोडा कापला तर चालंल का?"

"चालंल. मंग बाईला कळवा, चमचा पाठवतोय."

दांडा वाचला. पण तीन दिवस तोंड पाडून बसले होते.

पार्सलात भरायला ते सुपारीची सालं वापरतात, कारण ती फुकट. पण आमच्या हवेत साल ओल धरतं. घरून निघताना पार्सल दरात असायचं आणि कुरियरच्या टेबलावर दराबाहेर. मग त्यांनी सालं तव्यावर भाजायला सुरुवात केली. सगळ्या आळीत वास. पलीकडची एक बाई विचारायला आली, काय तळताय म्हणून. मी सांगितलं, पार्सल.

पैशांचाही त्यांना तेवढाच ताप. एकदा मला समजावून सांगत होते. वस्तू विकली की लिलाववाला आपला घास घेतो. पैसे इकडचे तिकडे करणारा वेगळा, त्याचा घास वेगळा. त्या दोघांच्या घासावर सरकारचा घास. मग कुरियर.

"मंग तुमच्या ताटात काय ऱ्हायलं?"

"ताट," म्हणाले.

म्हणून कुठलीही गोष्ट निघाली की त्यांचा एकच सवाल, "खर्च कुणाच्या माथी?" पालीला गणपतीला जाऊ म्हटलं तरी तेच, लग्नाचं आमंत्रण आलं तरी तेच. एका नव्या नवरदेवाला आशीर्वाद देतानाही तेच म्हणाले होते. तो पोरगा अजून त्यांच्यासमोर येत नाही.

यंदा मी पनवेलला मुलाकडे कायमचं जायचं ठरवलं. गुडघे गेलेत. न्हाणीत दोनदा घसरले. मुलगा म्हणाला, महिनाअखेरीला न्यायला येतो. सून वाईट नाही, पण घर तिचं. पानाला, औषधाला तिच्यापुढे हात पसरायचा नाही, एवढं मी मनाशी पक्कं केलं होतं. तेव्हा जाताना गाठीला माझे स्वतःचे पैसे पाहिजेत. खाट विकली, मोठी पातेली विकली. राहिला बंब.

बंब तांब्याचा, सासूच्या वेळचा, माझ्या छातीइतका उंच. मधे जाळाची नळी, भोवती पाणी. जुना म्हणून गळा काढण्यासारखं त्यात काही नाही. पाणी तापवायचं भांडं आहे. भंगारवाला मोडीचा भाव देत होता. पण शहरात लोक असले बंब दिवाणखान्यात ठेवतात म्हणे, झाडं लावून. म्हणून भावजींना म्हटलं, लिलावात घाला.

भावजी पेज पीत होते. वाटी खाली ठेवली. "बंब? बंब कशाला इकता?"

"पनवेलला गिझर हाय."

"मी अर्ध्या किलोच्या वरचा माल घेत न्हाय."

"मंग भंगारात घालते. तो उद्या येणारच हाय."

उरलेली पेज एका दमात संपवली. मग म्हणाले, "थांबा. टाकतो."

फोटो काढले. खाली लिहिलं, तोटी गळते. मी म्हटलं, हे कशाला लिहिता? तर म्हणे, लपवलं तर गिऱ्हाईक माल परत पाठवतं, मग जाण्यायेण्याचा खर्च कुणाच्या माथी?

मुदत एका आठवड्याची. पहिले दोन-तीन दिवस चिटपाखरू फिरकलं नाही. मला झोप लागेना. मुलगा फोनवर म्हणायचा, "आई, सोड ना तो बंब, देऊन टाक कुणाला." त्याला काय जातंय सांगायला. आणि भावजी, जे एका झाकणासाठी दिवसभर बडबडायचे, ते गप्प. जेवण कमी झालं. मला वाटलं, माझ्या बंबाची काळजी. जरा बरंही वाटलं.

मग राजस्थानच्या एका व्यापाऱ्याने बोली लावली, मोडीपेक्षा थोडी वर. त्याच्यावर दुसऱ्या कुणीतरी लावली. व्यापाऱ्याने पुन्हा वाढवली.

शेवटच्या दिवशी दिवेलागणीला मुदत संपणार होती. आम्ही पडवीत बसलो होतो. भावजींनी लिलाव माझ्या फोनवर उघडून तो पाटावर ठेवला होता. मी देवाला दिवा लावून आले तर व्यापारी वर होता.

"आता?" मी विचारलं.

"आलोच," म्हणून भावजी परसात गेले. परत आले तर दुसरा वर.

व्यापाऱ्याने वाढवली. भावजी पुन्हा परसात. आले, बसले, घाम पुसला. व्यापाऱ्याने आणखी वाढवली. भावजी पुन्हा उठले.

"पोट बिघडलंय का तुमचं?" मी ओरडले. "इथं माझा जीव चाललाय आन् तुमचं काय चाललंय?"

"व्हय, बिघडलंय," म्हणाले आणि धोतर सावरत पळाले.

मी एकटीच फोनसमोर. आकडे मला वाचता येतात. व्यापारी वर होता आणि घड्याळ उलटं पळत होतं. मला तो भाव पुष्कळ होता. हात जोडून म्हटलं, बाबा, आता थांब, एवढ्यात मी खूश आहे. तेवढ्यात आकडा उडाला. दुसरा वर गेला आणि मुदत संपली.

परसात गेले तर भावजी माडाला धरून उभे होते. मी सांगितलं, "गेला! चांगल्या भावाला गेला!" ते म्हणाले, "बरं झालं," आणि तिथंच आळ्याच्या कडेला बसले.

घेणारा पुण्याचा निघाला, कुणी कदम. भावजी म्हणाले, पाठवायचं मी बघतो, तुम्ही त्रास घेऊ नका. माझा विश्वास बसेना. एवढा मोठा नग, वाटेत बदलला, चेपला तर? मी म्हटलं, मी सोबत येणार. ते म्हणाले, गुडघे दुखतील. मी म्हटलं, गुडघे माझे आहेत. बंबाच्या पोटात त्यांनी भाजलेली सालं भरली, भोवती खोका केला आणि वरून गोणपाट मी स्वतः दाभणाने शिवलं. माझा टाका उलटा पडतो, लहानपणापासून. आई त्यावरून मारायची.

एसटीच्या मागच्या बाकावर बंब मधे आणि आम्ही दोघं दोन बाजूंना. कंडक्टरने त्याचं लगेजचं तिकीट फाडलं. भावजींनी मुकाट्याने पैसे दिले. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले.

माणगावच्या ट्रान्सपोर्टच्या टेबलावर एक मुलगी होती. तिने खोका काट्यावर ठेवला, मग टेप घेऊन लांबी, रुंदी, उंची मोजली आणि भाडं सांगितलं. भावजींचे डोळे पांढरे झाले.

"वजनाचं एवढं कुठं व्हतंय?"

"काका, हे वजनाचं नाही. जागेचं. खोका मोठा आहे ना, गाडीत जागा खातो."

"आत पोकळ हाय. नुसती हवा हाय."

"मग त्या हवेचं भाडं."

"हवेचं?" भावजी माझ्याकडे वळले. "वैनी, ही पोरगी माझ्याकडं हवेचं भाडं मागते."

"काका, हवा काढून आणा, मी कमी लावते."

मागच्या रांगेतले हसले. मला वाटलं, आता हे खोका उचलून परत चालू लागतात. पण भावजींनी कनवटीची पिशवी सोडली, नोटा मोजल्या आणि दिल्या. पावतीसुद्धा दोनदा वाचली नाही. परत येताना बसमध्ये मी म्हटलं, "एवढा खर्च कुणाच्या माथी?"

"घेणाऱ्याच्या."

"समदा?"

"समदा."

चार दिवसांनी त्यांनी मला पैसे आणून दिले. बोलीचा आकडा होता तेवढेच, पुरते. लिलाववाल्याचा घास, त्या मधल्याचा घास, काही कापलेलं नाही. मी विचारलं तर पुन्हा तेच, घेणाऱ्याने भरलं. मी म्हटलं, पुण्याची माणसं बदललेली दिसतात. पैसे लुगड्यात बांधून ट्रंकेत ठेवले. मुलगा शनिवारी यायचा होता.

गुरुवारी टेंपो आला. भावजी बाजारात गेले होते. ड्रायव्हरने माझ्या दारात खोका उतरवला. "विनायकरावांचं पार्सल, पुण्याहून. सही करा, मावशी."

खोक्याचा कोपरा चेपला होता. गोणपाटाचा टाका उलटा होता.

मी सही केली. टेंपो गेला. मी खोक्याजवळ बसून राहिले. मग आठवलं, वखारीत भावजींच्या बरोबर काट्यावर एक कदम होता, तो पुण्याला पोराकडे गेला. आणि परसात फेऱ्या कशाला चालल्या होत्या, तेही कळलं. बोली हे लावत होते, आपल्या फोनवरून, कदमाच्या नावाने. मोडीच्या कितीतरी पट देऊन त्यांनी माझा बंब घेतला, घरातून पुण्याला धाडला आणि पुण्याहून घरी आणला. दोन्ही वेळा हवेचं भाडं भरून.

मला राग आला. खरा राग. मी स्वतःचे पैसे म्हणून मान वर करून जाणार होते आणि ते या माणसाच्या पोटाला चिमटा काढून आलेले. ट्रंक उघडली आणि लुगड्याची गाठ घेऊन पायरीवर बसले.

भावजी आले. खोका पाहिला, मला पाहिलं, पिशवी खाली ठेवली.

"हे घ्या तुमचं पैसं," मी म्हटलं. "मी भिकारीण न्हाय."

"माझं कसं? सौदा झाला. माल मी घेतला, दाम तुम्हाला दिलं."

"मला येडी समजलात? न्हाणीत उभा व्हता, तिथंच ठेवून घ्यायचा व्हता!"

"तुम्ही दिला असता? इकत मागितला असता तर म्हणाला असता, फुकट घ्या. मंग तुम्ही रित्या हातानं गेला असता." थोडं थांबून म्हणाले, "आन् पाठवणार नव्हतो मी पुण्याला. तुम्हीच माणगावला आलात. पोहोचवल्याबिगर सुटका ऱ्हायली न्हाय."

मला आणखी राग आला. "कशाला पायजे तुम्हाला बंब? एका माणसाचं पाणी टोपात तापतं."

भावजी पायरीच्या खालच्या दगडावर बसले. खोक्याच्या चेपलेल्या कोपऱ्यावरून हात फिरवत राहिले. वजन सांगितलं नाही.

"खाट गेली, पातेली गेली," म्हणाले. "मी काय बोललो न्हाय. पण उद्या कुणी इचारलं, वैनी कुठं गेल्या, तर सांगू काय? समदं इकून गेल्या? बंब जाग्यावर हाय म्हंजी सांगता येतं, पोराकडं गेल्यात, येतील."

वाडीत कुणीतरी सुपाऱ्या उतरवत होता. घड जमिनीवर आपटल्याचा आवाज आला. आम्ही दोघांनीही तिकडे बघितलं, बघण्यासारखं काही नसताना.

मी मुलाला फोन लावला. सांगितलं, शनिवारी ये, पण मी कायमची येत नाही. महिना दीड महिना राहीन आणि परत येईन. तो म्हणाला, आई, गुडघे? मी म्हटलं, न्हाणीत धरायला दांडी बसवून घेते. भावजी ऐकत होते. खर्चाचं काही विचारलं नाही.

लुगड्याची गाठ मी परत ट्रंकेत ठेवली. सौदा तो सौदा. मग दाभणाने माझेच टाके उसवले. दोघांनी मिळून बंब न्हाणीत नेला, त्याच्या जाग्यावर उभा केला. पोटातली सालं काढली, ती भाजलेली, कोरडी ठणठणीत होती. बंबात पाणी भरलं, सालं नळीत घातली आणि काडी लावली. तोटी अजून गळत होती, तिला चिंधी बांधली.

धूर वर जायला लागला तसे भावजी दारात घोटाळायला लागले. मी त्यांच्या अंगावर पंचा टाकला.

"पहिलं पाणी तुम्ही घ्या," म्हटलं. "आन् दार लावा, वारा येतोय."