बापटकाकांचा तीन बुरुजांचा पूल

मेलबर्नच्या क्लेटनमधल्या आमच्या शेजारच्या बापटकाकांना दरवाजा नसलेला पूल सहन होत नाही. मागच्या ओढ्यावर कौन्सिलचा साधा लाकडी पूल आहे. त्यावर उभे राहून ते कुत्री फिरवणाऱ्यांना सुनावतात, "नो गेट, मेट! एनिबडी कॅन कम!" माणसं "नो वरीज" म्हणून सटकतात.

काका रिटायर्ड सिव्हिल इंजिनिअर, घरात एकटे. मूलबाळ नसावं असा आमचा समज, कारण तो विषय निघाला की ते पुलावर घसरत. फ्रान्समधल्या काओरच्या, मध्ययुगातल्या पुलावर. "तीन बुरुज, मृणाल! वरून दगड टाकायला भोकं! सत्तर वर्षं बांधला, आणि शत्रू एकदाही फिरकला नाही!" आमच्या लेकीच्या बर्थडेला जादूगार लेट झाला, तेव्हा काकांनी पोरांना हेच ऐकवलं. एकीने विचारलं, "डिड एनिवन डाय?" काका अभिमानाने म्हणाले, "नोबडी!" पोरं फारच निराश झाली.

गेल्या वर्षी आम्ही युरोपला निघालो, तर म्हणाले, "आयफेल टॉवर सोड, नुसता सांगाडा. काओरला जा."

गेलो. पुलाच्या मधल्या बुरुजाला परांची बांधलेली. वर हेल्मेट घातलेली एक बाई दगड तासत होती. हातोडी निसटली आणि वरून आवाज आला, "आई गं! मेलं माझं बोट!"

मी मान वर केली. खालून ओरडले, "मराठी?"

ती बोट चोखत खाली आली. "तुम्ही कुठल्या?"

"क्लेटन. मेलबर्न."

तिचा चेहरा बदलला. "तिथे माझे बाबा असतात. बापट."

माझा नवरा संदीप म्हणाला, "आमचे बापटकाका?" सहा वर्षं भिंतीला भिंत लावून राहतोय, काकांना मुलगी आहे हे आम्हाला ठाऊक नाही! केतकी तिचं नाव. युनिव्हर्सिटीतलं इंजिनिअरिंग अर्धवट सोडून जुन्या दगडांचं काम शिकायला इकडे आली. "बाबा म्हणाले, गवंडी व्हायचं तर या घरात येऊ नकोस. आठ वर्षं झाली. या पुलावर काम मिळालं ते कळवलं होतं, उत्तर आलं नाही." मग हळूच विचारलं, "माझं नाव काढतात?"

खोटं बोलवेना. "नाही. पण या पुलाचा एकेक दगड सांगतात."

तिने हेल्मेट काढून कठड्यावर ठेवलं. आम्ही निघताना तिने चिठ्ठीवर स्वतःचा नंबर लिहून दिला.

परत आल्यावर मी तडक काकांकडे गेले. "काका, केतकी भेटली," म्हटलं आणि चिठ्ठी टेबलावर ठेवली. वाटलं, चिडतील, हाकलतील.

काकांनी चिठ्ठी उचलली. आधी चष्म्याशिवायच वाचली, मग चष्मा लावून पुन्हा वाचली.

"मृणाल," ते म्हणाले, "काम करताना हातमोजे घालते का गं ती?"