विचाराधीन बादली

राजारामपुरीतल्या त्या गल्लीत कचऱ्याचा प्रश्न मुळी नव्हताच. साली, देठं, शिळी भाकरी अंबूबाईच्या म्हशीला जायची. रद्दी आणि डबे इमाम भंगारवाला न्यायचा. उरलंसुरलं पालिकेच्या कुंडीत. ही व्यवस्था कुणी मंजूर केलेली नव्हती, एवढाच तिच्यात दोष होता. नृसिंहराव, म्हणजे गल्लीचे नाना, हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले आणि तो उघडकीला आला.

निमित्त झालं दाढीच्या पात्याचं. ते म्हशीच्या खाण्याच्या पाटीत सापडलं. अंबूबाईनं ते दारोदार दाखवलं. "म्हस मेली असती तर चहात काय घातलं असतंसा?" गल्लीला घाम फुटला. नृसिंहरावांनी त्याच संध्याकाळी आपल्या घराच्या पुढच्या सोप्यात सभा घेतली. समिती झाली, अध्यक्ष तेच झाले. घरटी तीन बादल्या ठरल्या: म्हशीची, भंगाराची, कुंडीची. भेसळ करणाऱ्यानं रविवारच्या सभेत उभं राहून खुलासा करायचा.

दुसऱ्याच दिवशी पत्नी कालिंदीबाई भज्यांचा तेलकट कागद घेऊन आल्या. "अहो, हा कुठं टाकू?"

"कागद आहे. भंगारात."

इमामनं तो दोन बोटांनी बाहेर काढला. "साहेब, तेलाचा कागद न्हाय चालत. सगळा गठ्ठा नासतोय."

"मग म्हशीला?"

"माझी म्हस पेपर वाचत न्हाय," अंबूबाई म्हणाली.

कुंडीत टाकावा, तर नियमाप्रमाणे कागद हा कागदच होता. नृसिंहरावांनी नोकरीत संदिग्ध प्रकरणावर कधी सही केली नव्हती. त्यांनी घरटी चौथी बादली मंजूर केली आणि तिच्यावर रंगानं लिहवून घेतलं, 'विचाराधीन'.

गल्ली हुशार होती. तीन बादल्यांत चूक निघाली की खुलासा द्यावा लागे; चौथीबद्दल कुणी काही विचारत नसे. आधी तिच्यात आंब्याची कोय गेली, कारण तिला केसही होते आणि लाकूडही. मग साखर लागलेली चहापत्ती, तुटकी चप्पल. पुढं पुढं बटाट्याच्या स्वच्छ सालीही लोक तिच्यातच टाकू लागले. उगाच धोका कशाला?

पुढच्या सभेत नृसिंहरावांनी जाहीर केलं, "भेसळ संपूर्ण थांबली आहे." टाळ्या पडल्या.

"पाटीच रिकामी हाय की, नाना," मागून अंबूबाई म्हणाली. "भेसळ कशात व्हायची? म्हस वाळली. उद्यापास्नं निम्मं दूध."

गल्लीनं कोरा चहा प्यायला सुरुवात केली, पण चौथी बादली सोडली नाही. ती भरून वाहू लागली, तेव्हा शेजारचे त्र्यंबक मास्तर आपली बादली उचलून नृसिंहरावांच्या सोप्यात ठेवून गेले. निर्णय अध्यक्षांचा, तेव्हा प्रकरणं अध्यक्षांकडेच. बाकीच्यांनीही तेच केलं. सोप्यात पाय ठेवायला जागा उरली नाही, आणि वास स्वयंपाकघरापर्यंत गेला.

कालिंदीबाई बादल्यांच्या मधोमध पाट टाकून बसल्या.

"इथं काय करतेस?"

"माझाबी निर्णय राहिलाय." त्यांनी नाकाला पदर लावला. "कचेरीत जन्मभर हेच केलंत व्हय?"

नृसिंहरावांना रागवायचं होतं. पण तोंडातून खरं निघून गेलं. "तिथं वास येत नव्हता."

मग ते धोतर खोचून खाली बसले. अंबूबाई पाटी घेऊन आली, इमाम पोतं घेऊन. साल पाटीत, डबा पोत्यात. तेलकट कागद नृसिंहरावांनी हातात धरला, इकडंतिकडं पाहिलं आणि कुणालाही न विचारता ते तो कुंडीत टाकून आले. निकाली निघून बाहेर पडलेलं हे त्यांचं पहिलं संदिग्ध प्रकरण. परतताना त्यांना इतकं हलकं वाटलं, की त्याची त्यांना लाजच वाटली.

संध्याकाळी त्यांनी समिती बरखास्त केली. गल्लीला दुःख झालं नाही. फक्त त्र्यंबक मास्तर अडखळत म्हणाले, "नाना, समिती मोडा. पण ती चौथी बादली तेवढी राहू द्या. फार सोयीची आहे."

सगळ्यांनी माना डोलावल्या आणि आपापली बादली धुऊन घरी नेली. पुन्हा ती कुणाच्या सोप्यात दिसली नाही. कॉटखाली गेली, माळ्यावर गेली. मोडकं घड्याळ, एका पायाची खुर्ची, लग्नातल्या आहेराचे खोके तिच्यात आणि तिच्याभोवती साठत राहिले.

वाचकाला या गल्लीचं हसू येत असेल तर जरूर हसावं. मात्र आधी आपल्या माळ्यावर चढून यावं. शिडी आम्ही धरतो.