स्वतःसाठी, का मित्रासाठी?

औरंगपुऱ्यातल्या आमच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात एखादा पुरुष एकटाच शिरला आणि इकडंतिकडं बघत बाकावर टेकला, की बशीरभाई कंपाउंडर केसपेपरवरून मान वर न करता विचारतात, "स्वतःसाठी आलात, का मित्रासाठी?"

'स्वतःसाठी' म्हणणाऱ्याला सर्दी, ताप, पाठदुखी. 'मित्रासाठी' म्हणणाऱ्याला ऐन वेळी ताठरता येत नाही. तीस वर्षं बाकावरच्या पुरुषांचे चेहरे वाचून त्यांनी काढलेला हा हिशेब. केसपेपरवर तक्रारीच्या जागी ते नुसतं 'मित्र' लिहितात आणि डॉक्टरही काय ते समजतात.

पुढची सगळी चौकशी मित्राचीच. "मित्र गुटखा खातो? बीपीची गोळी चालू हाय? घरात काही टेन्शन? आणि सकाळी जाग येते तवा, मित्र जागा असतो का?" या शेवटच्या प्रश्नाला भलेभले घाम पुसतात. बशीरभाईंचं म्हणणं असं, की सकाळी ठीक असेल तर भानगड बहुतेक डोक्यात. सकाळीही नसेल तर रक्तात, नाहीतर रक्ताच्या नळ्यांत. "बारीक नळी आधी तुंबते साहब, मोठी मागनं. आज हितं बोंब, उद्या दिलात. मित्र खबर द्यायला आलाय, त्याच्यावर चिडता कशाला? चला, मित्राचा हात पुढं करा." मग बोटाला सुई टोचून आधी शुगर, आणि नंतर डॉक्टर.

आणखी एक खोड. रांग कितीही असो, पिशोर गावाहून आलेल्या माणसाचा नंबर आधी. "पिशोरला सगळी खैरियत?" हे विचारल्याशिवाय त्याला आत सोडणार नाहीत. मला वाटायचं, तिकडं यांची जमीन असेल.

असाच एकदा पिशोरचा एक शेतकरी घाईघाईनं आला. "मित्रासाठी आलोय."

"व्हय व्हय. हात पुढं."

"अवो, त्यो भाईर रिक्षात हाय! लई वकाऱ्या काढायलाय!"

"सगळ्यांचे मित्र बाहेरच असतात," म्हणत बशीरभाईंनी सुई टोचलीसुद्धा. तेवढ्यात खरोखरचा मित्र पोट धरून दारात उभा राहिला. दवाखाना हसून लोटपोट झाला. शुगर मात्र शेतकऱ्याचीच भरपूर निघाली. "बघा," बशीरभाई जराही न ओशाळता म्हणाले, "आलात मित्रासाठी, कामी आलं तुमच्याच."

मी हसलो नाही. कारण त्या दिवशी मीही मित्रासाठीच आलो होतो.

चार महिने मी पेपर तपासायचं निमित्त करून बाहेरच्या खोलीत झोपत होतो. माझी बायको सुनंदा विचारत काही नव्हती, पण तिचं बोलणं आटत चाललं होतं. बशीरभाईंनी सगळे प्रश्न विचारले आणि शेवटी पेन खाली ठेवलं. "सर, मित्राच्या बायकोला सांगितलं का?"

"नाही."

"मग गोळी नंतर. आधी घरी जा, तिला सांगा. मग दोघं या."

सांगितलं. कसं सांगितलं ते माझं मला माहीत. सुनंदा आधी रडली, मग म्हणाली, "अहो, मला वाटलं, मीच नकोशी झाले." तपासण्या झाल्या. बीपी चढलेलं, शुगर काठावर, उरलेली सगळी धास्ती. गोळ्या आणि सकाळचं चालणं सुरू झालं. पेपर हल्ली मी आतल्या खोलीत तपासतो.

पेढे घेऊन दवाखान्यात गेलो. दुपारची वेळ, बाक रिकामा. मी सहज विचारलं, "बशीरभाई, बायकोला सांगण्याचं एवढं का लावून धरता?"

"छावणी मोहल्ल्यात माझा एक मित्र होता," ते म्हणाले. "त्याला हीच तकलीफ. शरमेनं त्यानं बीबीशी बोलणंच टाकलं. तिला वाटलं, आपल्यातच काही ऐब हाय. गेली भावाकडं, पिशोरला. मित्र मागनं दवाखान्यात नोकरीला लागला, तिथं तपासलं, तर साधी शुगर. तीस वर्षं झाली. ना तिनं तलाक मागितला, ना मी…"

ते नीट लावलेले केसपेपर पुन्हा नीट लावू लागले.

मी चार महिन्यांतच अर्धा झालो होतो, यांनी तीस वर्षं काढली होती. शेवटी त्यांचाच प्रश्न त्यांना विचारला. "मित्रानं बायकोला सांगितलं का?"

"हिंमत झाली नाय, सर."

"रविवारी दवाखाना बंद असतो. माझ्या स्कूटरवर बसा. पिशोरला जाऊन येऊ."

"आणि तिच्या भावानं दारातच विचारलं, कशाला आलात, तर?"

मी पेढ्यांचा डबा त्यांच्या हातात दिला. "तुम्ही गप्प राहा. मी सांगतो, मित्रासाठी आलोय."